माझ्या पोटातली ढोलकी

मित्रांनो, मी एक जुना आणि अतिशय भित्रा संगणक आहे. भित्रा हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला चिडवायला काही उरत नाही.

२००६ साली गोंदियाच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि ऑटोत बसून मी रचनाच्या घरी आलो. घर राईस मिलच्या पाठीमागे. दुपारी मिल सुरू झाली की धानाचा कोंडा उडतो आणि खिडकीतून थेट माझ्या पंख्यात शिरतो. रचनाची आई अंजनाबाई दाराशी बसून बिड्या वळायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला प्रेमाने ओल्या फडक्याने पुसले. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

रचना माझ्यावर मोबाइलचे खेळ तयार करायची. चित्रे तिची, आवाज तिचे, चुकाही तिच्याच. पहिला खेळ सारस पक्ष्यांचा होता. धानाच्या बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, त्यांचे घरटे कुत्र्यांपासून आणि पाण्यापासून वाचवायचे. मुलांना तो फार आवडला. वर्तमानपत्रात रचनाचा फोटो छापून आला आणि त्यात मागे माझा एक कोपरा दिसत होता. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस फुगून होतो.

मग जो तो विचारू लागला, "अब अगला गेम कब?" तिथून आमचे घाबरण्याचे दिवस सुरू झाले. रचना सकाळी काहीतरी सुरू करायची आणि दुपारपर्यंत पुसून टाकायची. पहिला खेळ चुकून चांगला झाला असेल तर? कळफलकावर तिची बोटे गार पडायची. मला वाटायचे, ही कंटाळून मला भंगारात देणार. दोन भित्री माणसे समोरासमोर बसावीत तसे आम्ही बसून राहायचो.

दिवाळीनंतर गोरेगावजवळ मामाच्या गावी मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. तिथे रात्रभर दंडार, म्हणजे नाचगाण्यांचे लोकनाट्य, चालते, आणि दंडारीत ढोलकी वाजवायचा अंजनाबाईंचा भाऊ, बकाराममामा. रचनाने मंडईतले आवाज मोबाइलवर टिपून आणले आणि माझ्यात भरले. भजी तळल्याचा आवाज, पाळण्याची करकर आणि मामाची ढोलकी. त्यातूनच तिला नवा खेळ सुचला. मंडईत एक मुलगी हरवली आहे. पडद्यावर काळोख. नुसत्या आवाजांच्या मागे जात तिला ढोलकीपर्यंत न्यायचे, कारण तिथे तिचा मामा आहे.

त्याच हिवाळ्यात बकाराममामा वारला. पुढे तो मोबाइलही बिघडला. ढोलकी आता फक्त माझ्या पोटात होती.

दुसरी प्रत का नव्हती? पूर्वी एकदा, गाणी भरून देणाऱ्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हने मला व्हायरस लागला होता. तेव्हापासून धसका घेऊन रचना स्वतःचा मोबाइल सोडून मला कशालाही जोडत नसे. मला वाचवायलाच ती हे करत होती, पण मला मात्र धडकी भरायची.

एका दुपारी खेळाचे सगळे तुकडे एकत्र बांधण्याचे काम मला लावून रचना बाजारात गेली. मिल सुरू झाली. कोंडा आत येताना पाहून अंजनाबाई उठल्या आणि त्यांनी जाड गोधडी मला चारही बाजूंनी गुंडाळली. माझा श्वास कोंडला. आतून मी तापत गेलो. मला ओरडता येत नाही, फक्त टीं टीं करता येते. ते मी जीव तोडून केले. पण वीज गेल्यावर माझ्या शेजारचा बॅटरीचा डबाही तशीच टीं टीं करतो.

"लाइन येऊनच राहिली, बाबू," अंजनाबाई मायेने म्हणाल्या, "काऊन बोंबलतं?"

आणि मी बंद पडलो.

रचना आली. तिने गोधडी ओढली, मला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"माय, हे काऊन झाकलं?"

"कोंडा उडून राहिला होता वं. तुही मेहनत खराब होईल म्हणून झाकलं."

"यातच मामाची ढोलकी हाय. दुसरीकडे कुठंच नाही."

अंजनाबाईंचा चेहरा पडला. "माह्या भावाची?" त्यांनी सुपातली पाने आणि तंबाखू खाली ओतली आणि त्याच सुपाने मला वारा घालू लागल्या. तंबाखूची धूळ उडून रचना शिंकत होती, पण कोणी हसले नाही.

मी निवल्यावर रचनाने बटण दाबले. पोटात खट्‌ खट्‌ होत होते. ज्या पेन ड्राइव्हांची तिला दहशत होती, तसाच एक तिने मला लावला. मी घाबरत घाबरत एकेक आवाज बाहेर दिला. ढोलकी सर्वांत शेवटी गेली. त्यानंतर मी पुन्हा सुरू झालो नाही.

खेळ दुसऱ्या संगणकावर पूर्ण झाला. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. जे एकुलते एक आहे, त्याची दुसरी प्रत ठेवा. आणि कोणावर पांघरूण घालण्यापूर्वी त्याला श्वास घेता येईल का, ते पाहा.

आता मी त्याच कोपऱ्यात, त्याच गोधडीखाली आहे. अंजनाबाई माझ्याशेजारी बसून कानांत इअरफोन घालून मोबाइलवर तो खेळ खेळतात. ढोलकी सापडली की पुढे जात नाहीत, तिथेच थांबतात. मग गोधडी उचलून माझ्या पाठीला हात लावतात, तापलो तर नाही ना म्हणून. मी कधीचाच गार झालो आहे. तरी त्या रोज पाहतात.