गाठोड्याचा कान

“हे गाठोडं मी बांधलेलं नाही.”

बाईंनी ते कपाटातून काढून टेबलावर आपटलं, आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

“पट्टीखाली चिठ्ठी तर तुमचीच आहे, बाई,” त्यांच्या हाताखालची मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, हळूच म्हणाली. “सहीसुद्धा.”

“चिठ्ठी माझी आहे. गाठोडं माझं नाही. एवढं मला कळत नाही होय?”

धाकटीने मान खाली घातली आणि पुढ्यातले चिमटे मोजायला लागली. हीच तर गोष्ट बाईंना खटकली. ज्याच्या पोटात काही नसतं तो माणूस भांडतो, निदान दोन शब्द उलटे बोलतो. ही गप्प बसली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

ऑपरेशन थिएटरच्या मागची ही लांबट खोली. बाईंनी इथे एकतीस वर्षं काढली होती. पलीकडे धुण्याची मोरी, मध्ये भिंतीत एक खिडकी. खिडकीतून धुतलेली हत्यारं इकडे येत. ती तपासायची, मोजायची, दुहेरी हिरव्या कापडात बांधायची, वर पट्टी चिकटवायची आणि पट्टीखाली आपल्या सहीची चिठ्ठी खोचायची. सकाळी बांधलेली गाठोडी गाडीवर थांबत आणि दुपारी दोनला वाफेच्या यंत्रात जात. यंत्रातून निघाली की पट्टीवरच्या फिक्या रेघा वाफ लागल्याची खूण म्हणून काळ्या झालेल्या दिसत, मग ती कपाटात.

बांधताना कापडाचं शेवटचं टोक बाहेर दुमडून ठेवायचं असतं. थिएटरातली नर्स तेवढंच चिमटीत धरून गाठोडं उघडते, आत कुणाचा हात लागत नाही. त्या टोकाला सगळे ‘कान’ म्हणत. बाईंचे कान दवाखानाभर प्रसिद्ध होते. दुहेरी घडीचा, एका बाजूला जरासा कललेला कान दिसला की वर चिठ्ठी वाचायची गरज नसे.

आजचा कान तसाच होता. दुहेरी घडी होती, कलही होता. फक्त घडी कशी करकरीत, आत्ता इस्त्री फिरवल्यासारखी. बाई दहा वर्षांपूर्वी घालत तशी. चूक काढायला जागाच नव्हती, आणि त्यामुळेच बाईंचं डोकं आणखी फिरलं.

आता बाईंचा स्वभाव सांगायलाच हवा. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘फौजदार’ म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. चहाच्या थर्मासला त्या दोरा बांधून ठेवत, कुणी उघडला तर कळावं म्हणून. कुणी आपणहून गोड बोललं की याला रजा हवी आहे हे त्यांनी मनात लिहून ठेवलेलं असे. जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानत, पण तेवढा वेळ एक हात डब्यावर ठेवून. त्यांचे यजमान चर्चच्या गायनात खालच्या सुरात गाणारा साधा माणूस. ते म्हणत, “अगं, तू स्वर्गाच्या दारात पोचलीस ना, की आत जायच्या आधी दारावर उभ्या संत पेत्राच्या किल्ल्या तपासशील.”

“का तपासू नये?” बाई म्हणत. “एवढा मोठा जुडगा. एखादी बदलली असली तर?”

हल्ली तर त्यांना यजमानांचाही संशय येत होता. चाळीस वर्षांत ज्या माणसाने जेवल्यावर ताट उचललं नाही, तो चार-सहा महिन्यांपासून रोज म्हणे, “तू जा, पड जरा. भांडी मी फडताळात लावतो.” का बरं? हाही काहीतरी लपवतोय. काय ते कळत नव्हतं, पण लपवतोय हे नक्की.

त्या दिवशी बाईंनी एक युक्ती केली. गाठोडी बांधून झाल्यावर पट्टीची कड जिथे येते तिथे कापडावर पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडून बघतात तर सातपैकी दोन गाठोड्यांवर पट्टी ठिपक्याच्या पार पुढे सरकलेली! म्हणजे बांधल्यापासून यंत्रात जाईपर्यंत कुणीतरी ती सोडत होतं आणि पुन्हा बांधत होतं.

बाई तडक मेट्रनकडे गेल्या.

“धाकटी माझ्या कामात हात घालते. माझ्या सहीखाली. उद्या एखादं हत्यार कमी निघालं तर फासावर मी जाणार. मला निवृत्तीला आठ महिने राहिलेत, तिला माझी जागा हवी आहे. तिला काढा.”

“पुरावा?” मेट्रन म्हणाली. “ती कंत्राटावर आहे. काढायला मला एक ओळ पुरे. पण घरात कमावणारी ती एकटी. नुसत्या संशयावर मी ती ओळ लिहिणार नाही.”

“गुरुवारी तीन वाजता पुरावा घेऊन येते.”

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन नेहमीसारख्या बाहेर पडल्या, व्हरांड्याला वळसा घालून मागच्या दाराने आत आल्या, आणि चादरींच्या मांडणीमागे एका मोडक्या स्टुलावर जाऊन बसल्या. साठीला टेकलेली बाई, गुडघे पोटाशी घेतलेली, मांडीवर डबा. कुणी पाहिलं असतं तर हसून हसून मेलं असतं. पण बाईंची नजर दारावर होती. आज ही सापडणार.

धाकटी आली. तिने हात कोपरापर्यंत धुतले. गाडीवरून बाईंचं गाठोडं उचललं, पट्टी अलगद सोडवली, चिठ्ठी जपून बाजूला ठेवली. कापड उघडलं. ओठ हलवत हत्यारं मोजली. थांबली. पुन्हा मोजली. मग खण उघडून एक लांब चिमटा काढला, उजेडात धरून पाहिला आणि बाकीच्यांत नीट ओळीत ठेवला. दुसऱ्या गाठोड्यातली एक कात्री तिने उघडमीट केली, सांध्यावर नख फिरवलं, आणि ती घेऊन मोरीकडे गेली. ब्रशचा खसखस आवाज बराच वेळ येत राहिला.

परत येऊन तिने गाठोडं बांधलं. दुहेरी घडी. कान एका बाजूला जरासा कललेला.

“सापडलीस!” बाई मांडणीमागून उठल्या, डबा खाली पडून घरंगळत गेला. “रंगेहाथ सापडलीस! कुणाच्या परवानगीने गं?”

धाकटी पांढरीफटक पडली. पण पळाली नाही. दार आधी लावून घेतलं.

“बाई, ओरडू नका. बाहेर ऐकू जाईल.”

“जाऊ दे ना! ऐकू दे सगळ्यांना! माझी गाठोडी सोडतेस, माझी घडी चोरतेस…”

“हे अजून उघडलेलं नाही.” धाकटीने तिसरं गाठोडं उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. “तुमच्या हाताने उघडा.”

बाईंनी रागारागाने पट्टी ओढली. आत सगळं जागच्या जागी होतं, एकवीस हत्यारं. निदान त्यांना तरी एकवीस वाटली. धाकटीने एक कात्री उचलून त्यांच्या हातात दिली.

“सांधा बघा.”

“बघितला. स्वच्छ आहे.”

“बोट फिरवा.”

बाईंनी अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. पण काहीच लागलं नाही म्हणजे अगदीच काही नाही. लोखंडाचा गारवासुद्धा नाही. साखरेच्या आजाराने अंगठा बधिर होत चाललाय हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरलासुद्धा नाही, कारण डॉक्टर याच दवाखान्यातला.

धाकटीने सांध्यावर नख घासलं आणि नख त्यांच्या डोळ्यांजवळ धरलं. तपकिरी, राईएवढं काहीतरी होतं. वाळलेलं रक्त.

बाई स्टूल नसलेल्या जागी बसायला गेल्या. धाकटीने पटकन त्यांना धरून खुर्चीवर टेकवलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“हिवाळा संपला तेव्हापासून. रोज नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस. तुम्ही बांधताना मी बघत असते, शंका येते तेवढीच सोडते.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“कुणाला बोलू? मेट्रनला सांगितलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिनेच रक्त लावलं.”

हे इतकं खरं होतं की बाईंना रागही आला नाही.

“तुम्हीच शिकवलंत मला,” धाकटी म्हणाली. “पहिल्या दिवशी. मी घाईघाईत बांधलं तर तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, हे डॉक्टरसाठी बांधायचं नाही. टेबलावर जो झोपलेला असतो त्याचे डोळे मिटलेले असतात, त्याला काही तपासता येत नाही. तिथे येशूच झोपलाय असं समजून बांध. मला तुमचा देव फारसा ठाऊक नाही, बाई. पण त्यानंतर मला कधी घाई करता आली नाही. मग तुमचं गाठोडं तसंच कसं जाऊ देऊ?”

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग एकदम तो खाली घेतला.

“गेल्या महिन्यात तुझी लेक आजारी होती. तीन दिवस तू नव्हतीस.”

धाकटी सुटलेली पट्टी बोटाला गुंडाळत राहिली.

“बोल ना गं! त्या तीन दिवसांची गाठोडी?”

“आल्यावर कपाटात उरली होती तेवढी सोडून पुन्हा केली. बाकीची… वापरली गेली होती.”

“कुणाला काही झालं?”

“माझ्या कानावर तरी काही आलं नाही.”

“तुझ्या कानावर,” बाई म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. गाडीवरची गाठोडी यंत्रात घालायची वेळ टळून गेली होती.

“आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाई,” धाकटी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “मी एक दिवस रजा घेणार नाही. कुणाला कळायचंही नाही. तुमचं नाव जसंच्या तसं राहील.”

खोटं कशाला सांगा, बाईंना मोह झाला. एकतीस वर्षांचं नाव. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी एकदा वेदीवरून सांगितलं होतं की भक्ती कशी करावी ते या बाईंच्या गाठोड्यांकडून शिका, आणि यजमान गायनाच्या बाकावरून त्यांच्याकडे बघून हसले होते. ते सगळं तसंच राहिलं असतं. पण एक गोष्ट त्यांना चांगली माहीत होती. इतका गोड पर्याय दुसऱ्या कुणी पुढे केला असता तर त्यांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे संशयाने पाहिलं असतं.

तीन वाजता त्या मेट्रनच्या दारात उभ्या राहिल्या. हातात कात्री, रुमालात गुंडाळलेली.

“आणलात पुरावा?” मेट्रनने विचारलं.

“आणलाय. पण माणूस दुसरं निघालं.” बाईंनी रुमाल उघडला. “सगळ्यांना तपासत आले. एकाच बाईला तपासायचं राहून गेलं होतं. माझ्या चिठ्ठीची सगळी गाठोडी आज खाली उतरवा. आणि गेल्या महिन्यातल्या त्या तीन दिवसांत ज्यांची ऑपरेशनं झाली, त्या सगळ्यांची चौकशी करा.”

मेट्रनने कात्री रुमालासकट जवळ ओढली. “यात तुमचं काय होईल, कळतंय ना?”

“कळतंय म्हणून तर बसायला खुर्ची मागितली नाही,” बाई म्हणाल्या. “आणि त्या पोरीवर लिहायची ओळ विसरून जा.”

संध्याकाळी जेवणं झाल्यावर यजमान म्हणाले, “तू जा, पड जरा.” बाई उठल्या नाहीत.

“अहो, खरं सांगा. माझी धुतलेली ताटं तुम्ही परत धुता ना?”

यजमानांनी घसा खाकरला. गाणारा माणूस, पण सूर सापडेना. “कधी कधी,” ते म्हणाले. “सगळीच नाही.”

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. यजमान ओल्या हातांनी तसेच त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

चौकशीला दहा दिवस लागले. त्या तीन दिवसांतली अकरा माणसं. दहा जण ठणठणीत होते. अकराव्याची जखम चिघळली होती, तापात दोन आठवडे काढून तो बरा होऊन घरी गेला होता. तसं कुणाचंही होऊ शकतं, कारण सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नाव त्यांनी सांगितलं नाही. बाईंना ते कारण आता जन्मभर कळणार नव्हतं, आणि त्या माणसाला भेटून माफीही मागता येणार नव्हती. रात्रीच्या प्रार्थनेत त्या नुसतं ‘तो माणूस’ म्हणत आणि तिथे थोडा वेळ थांबत.

मेट्रनने त्यांना चादरींच्या घड्या घालायला बसा म्हटलं. बाईंनी मोरी मागितली.

“अहो, ते नव्या माणसाचं काम,” मेट्रन म्हणाली.

“असू दे. तिथे माझ्यामागे तपासणारं कुणीतरी असतं.”

आता खिडकीच्या अलीकडे धाकटी असते, पट्टीखाली तिच्या सहीची चिठ्ठी असते. पलीकडे बाई, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पुढे कोमट पाणी आणि ब्रश. थर्मासचा दोरा सुटलाय. धाकटी न विचारता त्यातला चहा घेते.

एके दिवशी त्यांनी धुतलेला ट्रे खिडकीतून पुढे सरकवला.

“तपासून घे,” त्या म्हणाल्या.

धाकटीने एकेक हत्यार उजेडात धरलं, सांध्यांवर नख फिरवलं. बाई ओले हात तसेच धरून उभ्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर कुणाची अशी छाती झाली नव्हती.

“ही एक परत, बाई,” धाकटी म्हणाली आणि एक कात्री खिडकीतून मागे दिली.

बाईंनी ती घेतली, आणि ब्रश उचलला.