हिलाल आबांची घरभरणी

अरे थांबा, चहा नंतर, आधी आपल्या मोनालीचं ऐका! ती त्या संस्थेत लागली ना, रस्त्यावर झोपणाऱ्यांना खोली मिळवून देणाऱ्या, तिथली तिची पहिलीच केस म्हणजे हिलाल आबा. मूळचे शिरपूरकडचे, नऊ वर्षं जळगाव स्टँडच्या भिंतीला पथारी. मोनालीनं चार महिने पळापळ करून त्यांचं आधार काढलं, घरमालकांचे नकार खाल्ले, तेव्हा कुठे ताईबाईंनी आपल्या घराला लागूनची खोली दिली. आणि आबा? तीन दिवस झाले, ओट्यावरच झोपताहेत! खोलीत नुसती पिशवी.

ताईबाई कडाडल्या, "लोक मला हसतात, भाडेकरूला बाहेर टाकलं म्हणून! रविवारी दुपारपर्यंत आत झोपला नाही, तर किल्ली परत."

मोनाली ओट्यावर आबांशेजारी जाऊन बसली. "आबा, अडचण काय आहे? पंखा वाजतो का?"

"घरभरणी कोठे व्हयनी, पोरी? नऊ वरीस ज्यासनी मनी पथारी सांभाळी, त्यासले जेवाडाबिगर मी मझार कसा जाऊ?"

झालं! पथारी राखणाऱ्या सोबत्यांना जेवू घातल्याशिवाय आबा आत पाऊल टाकणार नाहीत! मोनालीनं भरीत-पुरीच्या बेतासाठी पाच किलो वांगी आणली. रविवारी स्टँडवरचे सहा जण आले, आंघोळ करून, तेल लावून. मगननं तर शर्ट इन केलेला. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि धूर थेट ताईबाईंच्या स्वयंपाकघरात. त्या तणतणत बाहेर आल्या. मोनालीला वाटलं, गेली किल्ली! ताईबाईंनी वांग्यांच्या पिशवीत डोकावून बघितलं.

"ही जांभळी, बोटभर वांगी भरताला? आमच्या असोद्यात म्हैससुद्धा तोंड लावणार नाही! कुठली गं तू?"

"चाळीसगावची..."

"तरीच!"

लगेच भावाला फोन. अर्ध्या तासात मोटरसायकलवर क्रेट हजर, हिरवी, दणदणीत वांगी. मगन मिरच्या कुटत होता, त्याच्या हातातून ताईबाईंनी मुसळच ओढलं. "सरक रे, इनवाल्या! माझ्या दारची पंगत आहे, कुणी नाव ठेवायला नको." मग स्वतः वाढायला लागल्या. नाही म्हणाल तर पुरी ताटात आलीच.

जेवणं झाली, पाहुणे ओट्यावर लवंडले. आबा उठले, उजवा पाय आत टाकला, दार लोटलं आणि आतून कडी. खट्ट!

मोनालीनं उडीच मारली. ऑफिसला फोटो पाठवायचा ना, आबा आत झोपल्याचा! खिसा चाचपला, तर मोबाइल आत, चार्जिंगला. तिनं हळूच दार वाजवलं.

आतून आवाज, "कोन शे वं? घरधनी झोपेल शे. चार वाजता ये."

तिनं पुन्हा हात उचलला, तर ताईबाईंनी मनगटच धरलं. "ऐकू आलं ना? हो बाजूला. माझ्या भाडेकरूची झोप मोडशील!"