लोटन आबांची बादशाही सनद

कुवारखेड्यात लोटन आबांच्या देव्हाऱ्यात खंडेराव होते, कुलदेवी होती आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून, काचेच्या चौकटीत, एक फारसी कागद होता. दसऱ्याला देवांच्या आधी त्याला कुंकू लागायचं. त्यात काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणूनच त्याचा एवढा दरारा. दिल्लीच्या बादशहानं आबांच्या पूर्वजाला, हरजी पाटलाला, बारागाड्यांत पहिल्या गाडीचा मान लिहून दिलाय, एवढं मात्र घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

आता दिल्लीच्या बादशहाला शिरपूर तालुक्यातल्या मरीमायच्या यात्रेचं काय पडलं होतं, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडेल. कुवारखेड्यात तो कुणालाही पडला नाही.

यात्रेला बैल न जुंपलेल्या बारा गाड्या एकीमागे एक बांधतात, माणसांनी खच्चून भरतात आणि भगत कमरेला दोर बांधून ओढतो. पहिल्या गाडीवर फेटा बांधून उभं राहायचं म्हणजे वर्षभर पुरेल एवढी इज्जत. आबांकडे दुसरं काही उरलंही नव्हतं. सरपंचकी गेली, सोसायटीतली खुर्ची गेली, आणि सूनबाई ज्योत्स्ना चहात साखर घालताना डॉक्टरचं ऐकायची. राहिली होती ती एक गाडी.

तिच्यावर डोळा हिलाल नानांचा. नाना समोरच्या आळीचे, आबांच्याच वयाचे. दोघं तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. बैठकीत बोलायची वेळ आलीच तर पाराजवळच्या विजेच्या खांबाशी बोलायचे. यंदा नाना त्या खांबाला म्हणाले, "सनद शे, सनद शे, आयकी आयकी कान किटनात. एकदाव वाचीसन दावा!"

"वाचसूत!" आबा खांबावर खेकसले. "त्यामा तसं लिखेल नही ऱ्हायनं त पहिली गाडी सोडी दिसू. मरीमायनी आन!"

बोलून गेले आणि मग जीभ चावली. पण आन ती आन.

ज्योत्स्नाच्या ओळखीनं धुळ्याहून फारसी जाणणाऱ्या मोहिनी मॅडम आल्या. गावानं दाढीवाल्या मौलवीसाहेबांची वाट पाहिली होती. एसटीतून उतरल्या त्या टिकली लावलेल्या, गुडघा दुखतो म्हणून हळूहळू चालणाऱ्या बाई. सनद वाचायची बैठक संध्याकाळी पारावर होती. त्याआधी मॅडम आबांच्या ओसरीवर बसल्या, काचेवरचं कुंकू रुमालानं पुसलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

आबा हात जोडून, सत्यनारायणाची पोथी ऐकावी तसे ऐकत होते. मग एकेक शब्द ओळखीचा वाटू लागला. अर्ज, हुजूर, कबूल... ही तर तहसीलची भाषा! तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मुचलका."

आबांचे जोडलेले हात सुटले. एका निवडणुकीत तहसीलदारानं त्यांच्याकडून, पुन्हा दंगा करणार नाही असा, मुचलका लिहून घेतला होता. हा शब्द चांगल्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आबा, ही सनद नाही," मॅडम म्हणाल्या. "हरजी पाटलांनी परगण्याच्या काजीला लिहून दिलेला मुचलका आहे, त्याची ही घरची नक्कल. त्यात ते म्हणतात, मी बादशहाची म्हणून दाखवलेली सनद खोटी होती. ती मी बुऱ्हाणपूरच्या बाजारात बनवून घेतली. यापुढे मी आणि माझे वंशज पहिल्या गाडीवर चढणार नाही."

"खोटी कशावरून?" आबांनी विचारलं.

"सनदेवर जी तारीख होती, तेव्हा बादशहाला मरून दोन वर्षं झाली होती, असं काजीनं लिहिलंय."

"माय वं!" आबांची बायको शेवंताबाई आतून ओरडल्या. "चाळीस वरीस मी मुचलकाले ववाळं?"

बुडत्याला काडीचा आधार. आबा म्हणाले, "पन मॅडम, मरीमायना गाड्यास्ना न्याय काजी कसा करी?"

"का नाही करणार? परगण्याचं कोर्ट तेच. हिंदू असो की मुसलमान, भांडण घेऊन लोक तिथंच जायचे. हे बघा, वर अल्लाचं नाव आहे, आणि खाली तुमच्या पूर्वजानं शपथ घेतलीय ती मरीमायची. काजीनं दोन्ही चालवून घेतलंय."

मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "जामीन राहायला गावात कुणी तयार होईना. एकटा उभा राहिला तो मल्हारजी, समोरच्या आळीचा."

"म्हंजे हिलाल नानास्ना घरना," शेवंताबाई म्हणाल्या.

आबांनी मुचलका एक वेळ गिळला असता. हे घशाखाली उतरेना. "मॅडम, बैठकमा थोडं कमी सांगं त चाली?"

"मला विचारलं तर मी आहे तेच सांगेन. आधी तुम्ही बोला."

संध्याकाळी पारावर सारा गाव लोटला. आबा उभे राहिले. खोटं तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर. "बादशानं लिखेल शे की..."

"मॅडमले इचारानी गरज नही," नाना खांबाला म्हणाले. "आबा सांगतीन ते खरं. भांडकुदळ शे, पन खोटा बोलनारा नही."

यापेक्षा नानांनी तोंडावर शेण मारलं असतं तर परवडलं असतं. आबा थांबले आणि सगळं सांगून टाकलं. बुऱ्हाणपूर, मेलेला बादशहा, मुचलका. गाव हसून हसून लोटपोट झालं. भगताला ठसका लागला. नाना मांडी थोपटत ओरडले, "मंग पहिली गाडी मनी!"

"तुनीच," आबा म्हणाले. खांबाला नव्हे, नानांना. "पन नाना, आखो एक शे. त्या टाइमले बठ्ठा गावमा मना पूर्वजले जामीन कोन्ही ऱ्हायनं नही. तुना मल्हारजी ऱ्हायना. एकलाच."

नानांचा हात मांडीवरच राहिला. मग मॅडमकडे वळून ते म्हणाले, "जामिनकी कितला दिन चालस?"

"कागदात मुदत लिहिलेली नाही."

यात्रेच्या दिवशी भगतानं नानांना फेटा दिला. नानांनी तो परत केला आणि आबांकडे बोट दाखवलं. "मी वर चढसू त हाऊ मांगथून चढी जाई. जामीन मी शे." पहिल्या गाडीवर मग ज्याला चढता आलं तो चढला.

दोघं म्हातारे कडेला उभे होते. ढोल घुमला, आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं आबांचा पाय आपोआप उचलला गेला. नानांनी त्यांचं मनगट गच्च धरलं. पहिली गाडी समोरून गेली. आबांचे डोळे भरून आले ते काही धुळीनं नव्हे. बाराही गाड्या गेल्या. लोक मंदिराकडे वळले.

"सोड आते," आबा म्हणाले. "गयात गाड्या."

"पुढला सालना काय भरोसा तुना?" असं म्हणून नाना तसेच, मनगट धरून, चहाच्या टपरीकडे चालू लागले. आबांनीही हात सोडवून घेतला नाही.