मेणातले दात

वहिनी सामान घेऊन घरी आली, तेव्हा तिचं कामाचं टेबल बाल्कनीत भर उन्हात उभं होतं आणि तिच्या खोलीत धाकटा दीर स्टुलावर चढून भिंतीला निळा पडदा ठोकत होता.

वहिनी कवळ्या बनवते. व्हायचं होतं दातांची डॉक्टर. मार्क थोडक्यात हुकले, म्हणून ती कवळ्या करायला शिकली. एका लॅबमध्ये हात बसतोय न बसतोय तोच लग्न झालं, पाठोपाठ नवऱ्याची बदली झाली आणि नोकरी सुटली. नव्या गावात दुसरी मिळाली, तर मुलगी झाली, तीही सुटली. शेवटी तिने ठरवलं, आता कुणाची चाकरी नको. घरातली मागची खोली, आपलं टेबल आणि आपल्या नावाची पाटी. किरकोळ कामं करत तिने दम धरला आणि आता कुठे एका मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक पूर्ण कवळी करायला दिली होती. ही जमली तर दवाखान्याचं सगळं काम तिच्याकडे येणार होतं. पेशंट आजच संध्याकाळी ती घालून बघणार होता.

कवळी पक्की करण्याआधी मेणाच्या हिरड्यांत दात रोवून पेशंटच्या तोंडात बसवून बघतात. ती मेणाची कवळी टेबलावर तशीच होती. वहिनी बाल्कनीत धावली. मेण मऊ पडलं होतं. वरचे दात पुढे कलले होते, खालचे एकमेकांवर रेलले होते आणि एक सुळा तर खाली फरशीवर जाऊन पडला होता.

"हे कुणी केलं?"

"सॉरी हं वहिनी," दीर स्टुलावरून म्हणाला. "दादाच म्हणाला हलव म्हणून. तुम्हाला चालेल म्हणाला."

दिराची नोकरी गेली होती, आणि त्याचं वहिनीलाही वाईट वाटलं होतं. आता तो व्हिडिओ करणार होता. विषय काय, तर आयुष्यात लवचिक कसं राहावं! त्यासाठी त्याला शांत खोली हवी होती. हसावं की तो पडदा टराटरा फाडावा, वहिनीला कळेना.

सुट्टी असल्यामुळे नवरा घरीच होता. आवाज ऐकून तो बाहेर आला.

"अगं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. तू करतेस ना ॲडजस्ट. आणि आयुष्य काय सरळ रेषेत जातं का कुणाचं?"

"तुझं गेलंय," वहिनी म्हणाली. "ज्या कंपनीत चिकटलास त्याच कंपनीत साहेब झालास. तुला सरळ जाता यावं म्हणून दर वेळी बाजूला कोण सरलं? आणि मला विचारायचं होतंस, एवढं एक वाक्य बोलायला तुझी जीभ झिजली असती?"

"अगं, एवढा आवाज कशाला?" सासूबाई मध्ये पडल्या. "दातच तर पडलेत. परत लाव."

"एकच पडलाय, आई. बाकीचे लवचिक झालेत."

दीर खालमानेने स्टुलावरून उतरला. वहिनीने वाकडी झालेली कवळी, प्लास्टरचा साचा, दातांची डबी, मेण, सुरी, दिवा सगळं भाजीच्या पिशवीत कोंबलं आणि ती घराबाहेर पडली. बसमध्ये पिशवी मांडीवर धरून ती मनातल्या मनात एकेकाची सालटी काढत होती. नवऱ्याची तर दोनदा काढून झाली.

डॉक्टरीणबाईंना काय थाप मारायची ते तिने वाटेत ठरवलं होतं. पण त्यांनी वाकडे दात हातात घेऊन नुसतं वर बघितलं आणि वहिनीच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "माझी खोली मला न विचारता दिराला दिली."

बाईंनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. "पेशंट यायला वेळ आहे. मागच्या खोलीत बसून परत लावाल?"

"लावते."

तिने सगळं मेण खरवडून काढलं आणि पहिल्या दातापासून पुन्हा सुरुवात केली. राग तसाच होता, पण एकेक दात जिथल्या तिथे बसत गेला. संध्याकाळी पेशंट आजोबांनी कवळी घातली, आरशात बघितलं आणि ते म्हणाले, "अहो, हा तर मीच!"

ते गेल्यावर बाईंनी विचारलं, "ही खोली रिकामीच असते. रोज इथेच येऊन काम कराल? काम सगळं तुमच्याकडे देते. पाटी मात्र दवाखान्याची राहील."

वहिनीचं डोकं पुन्हा तापलं. म्हणजे पाटीही गेली. ज्या खोलीसाठी इतकी वर्षं जीव टाकला, ती एका सकाळीत दुसऱ्याची झाली, याचा अर्थ ती तिची कधी नव्हतीच. मग आपलं असं होतं तरी काय? तिने बोटांना चिकटलेलं मेण पुसलं.

"पाटी तुमची असू दे," ती म्हणाली. "पण प्रत्येक कवळीच्या डबीवर नाव माझं. आणि या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील."

बाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढून दिली.

ती खाली रस्त्यावर आली तोच नवऱ्याचा फोन आला.

"टेबल आत आणून ठेवलंय. पडदाही काढला. आई म्हणतेय, आता राग सोड आणि ये."

"येतेच आहे. पण ती खोली भाऊजींना राहू दे. मी उद्यापासून दवाखान्यात बसणार."

"म्हणजे राग गेला नाही अजून?"

"नाही, आणि जायला नकोच आहे," वहिनी म्हणाली. "माझा राग गेला की मी परत तुम्हाला जागा करून देते."