मिठाची परीक्षा

आरोग्य केंद्रातल्या हार्तोनोनं सांगितलं होतं, प्रत्येक पोरानं घरचं चमचाभर मीठ केळीच्या पानात बांधून शाळेत आणायचं. त्यावर औषधाचा थेंब टाकायचा. मीठ निळं झालं तर त्यात आयोडीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. वातुगेदे गावच्या शाळेत झाडून सगळ्यांचं मीठ निळंशार झालं. गाव ठणठणीत आहे, आयोडीनच्या गोळ्यांची गरज नाही, असं म्हणत हार्तोनो गोळ्यांचा डबा परत फटफटीला बांधायला लागला.

शाळेतल्या वार्तिनीबाईंच्या, गावाच्या 'बू गुरूं'च्या, तळपायाची आग मस्तकात गेली. निम्म्या वर्गाच्या गळ्याला गाठी, आणि म्हणे ठणठणीत! पार्तिनाचा गळा तर लिंबाएवढा फुगलेला. पोर बसल्या जागी पेंगायची, सकाळचा धडा दुपारी आठवायचा नाही. आज गोळी मिळाली नाही तर ती यंदा शाळेतून जाणार, हे बाईंना दिसत होतं.

त्या तडक पार्तिनाच्या घरी गेल्या. चुलीशेजारच्या करवंटीत जाडं मीठ होतं, गावप्रमुखाची बायको सुलास्मी हिच्या दुकानातलं. पार्तिनाच्या आईनं मान खाली घालून सांगून टाकलं. परीक्षा म्हटल्यावर पोरं नापास होतील या धास्तीनं बायका सुलास्मीकडे गेल्या होत्या, आणि तिनं आपल्या स्वयंपाकघरातलं आयोडीनवालं पुडीचं मीठ सगळ्यांना चमचा चमचा वाटलं. गावाला आदर्श गावाची पाटी मिळणार होती ना! हिची लेकरं पुडीचं मीठ खाऊन शहरात शिकतात, आणि गावाला विकायला हा कचरा.

बाईंनी शाळेत परत येऊन हार्तोनोच्या फटफटीची किल्लीच काढून घेतली आणि त्याला डब्यासकट घरोघर फिरवलं. प्रत्येक चुलीपाशी थेंब पडला, मीठ पांढरंच. पार्तिनाच्या घरी पोचले, तेव्हा कुंपणाशी सुलास्मी धापा टाकत आली.

"बू गुरू, गावाची अब्रू घालवताय तुम्ही."

"अब्रू पोरांच्या गळ्यात लोंबतेय. डोळे उघडून बघा."

हार्तोनोनं डबा उघडला आणि पहिली गोळी पार्तिनाच्या हातावर ठेवली. ती गोळी तोंडात घालेना. आईच्या करवंटीतल्या पांढऱ्या मिठाकडे बघून तिचे डोळे भरले होते.

"बू, आम्ही नापास झालो ना?"

"तू नाही गं," वार्तिनीबाई कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "नापास झालीय ती तिथं उभी आहे. तू गीळ."