धुतलेली फळी

गावात मला अजून एडनवाली म्हणतात. पनवेलच्या बाजारात सुकट घ्यायला गेले तरी कोणीतरी विचारतंच, "काय एडनवाले, तिकडं सोनं सस्तं होतं ना?" सोनं! तीन वर्षं मी तिकडं मीठ आणि ऊन यापलीकडं काय बघितलं असेल तर शपथ. पण लोकांना वाटतं, बोटीत बसून गेली म्हणजे बाईनं चैन केली. आता मी उत्तर देणंच सोडलंय. थकले बाय मी. पण तुमी विचारलंत आणि माझी थोरली पोर गोदू आज विचुंब्याला सासरी गेलीय, म्हणून सांगते. तिच्यासमोर मी हे बोलत नाय.

आमी मिठागरातली माणसं. आमच्या बेलपाड्याच्या खाडीकाठी मिठाचा हंगाम दिवाळीनंतर लागतो. भरतीचं पाणी बांध फोडून आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फळीनं काठाला ओढायचं. ज्येष्ठात सर आली आणि वाफ्यातलं मीठ विरघळलं की हंगाम संपला. त्या दिवशी घरातल्या कोणीतरी फळी गोड्या पाण्यानं धुवायची आणि आढ्याला टांगायची. मग दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाय. एकदा फळी धुतली की मुकादम असो का शेठ असो, 'उद्या कामाला ये' म्हणायची कोणाची छाती नाय. फळी धुतली म्हणजे माणूस मोकळा.

चोपन साली एका शेठचा माणूस पनवेलला आला. अरबस्तानात एडनला मोठी मिठागरं हायत, तिथं जाणते आगरी पायजेत, बोलला. माझ्या घरधन्याचं नाव घ्यायचं नसतं, पण तुमाला कळावं म्हणून एकदा घेते. काशिराम. त्याच्यासारखा पाण्याचा जाणकार आमच्या पट्ट्यात नव्हता. बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, मीठ परवा धरंल. धरायचंच.

तर हा शहाणा पनवेलला गेला आणि कागदावर अंगठा द्यायच्या आधी अडून बसला. त्याच्या आधी परमुलखातल्या एका मालकानं पावसात बांध घालायला लोकांना अडकवून ठेवलं होतं, ते याच्या डोक्यात. "कागदावर लिवा," बोलला, "हंगाम संपेपर्यंत काम. हंगाम संपला की आमी मोकळे, परतीचं तिकीट तुमचं." शेठच्या माणसानं एक अक्षर न बोलता लिहून दिलं. घरी येऊन मला सांगताना छाती अशी फुगलेली! मी पण खूश. अगो, सहा महिन्यांचा तर प्रश्न.

पाच वर्षांच्या आतल्या पोरांना बोटीत फुकट नेणार होते. शिवा चार वर्षांचा, वेणू अंगावर पिती. गोदू सात वर्षांची. ती मागं रायली, सासूच्या सोबतीला. पनवेल बंदरावर होडीत चढताना तिनं माझा पदर धरला. मी बोटं सोडवली, एकेक करून. "बाय, पाऊस पडला की हंगाम संपतो, ठावं हाय ना तुला? हंगाम संपला की आमी आलो." ती बोलली, "हां." रडली पण नाय. तिला बिचारीला हंगाम म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं.

एडनला आमाला पत्र्याची एक खोली मिळाली. पाठीमागं काळा डोंगर, त्याच्यावर गवताची काडी नाय. पुढं वाफेच वाफे. पिण्याचं पाणी गाडीवरून यायचं, घरटी रोज दोन डबे. त्यात स्वयंपाक, त्यात पोरांचं अंग. भांडी मी खाऱ्या पाण्यानं घासायची. पोरांच्या कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडायचे, ते जायचेच नायत. भात शिजवावा तर तांदूळ कुबट, मासळी मिळायची पण तिची नावं वेगळी. शेजारी हलीमा म्हणून एक सोमाली बाई होती. तिच्या शेरड्या होत्या. ती वेणूला दूध द्यायची आणि मी तिला भाकरी. एकमेकींचं बोलणं कळायचं नाय, पण कंबर कोणाची दुखतेय ते बरोबर कळायचं.

ज्येष्ठ आला. मी रोज आभाळाकडं बघते. ढग नाय. आषाढ आला, तर रेतीचा वारा सुटला. ताटात रेती, पोरांच्या डोळ्यांत रेती. शेवटी मीच याला शेठच्या मुनिमाकडं ढकललं आणि पोर काखेला मारून पाठोपाठ गेले. मुनीम काठेवाडचा, सज्जन माणूस. त्यानं कागद दोनदा वाचला.

"हंगाम संपला का?" त्यानं विचारलं.

"पाऊस पडंल तेव्हा संपंल," हा बोलला.

मुनिमानं कागद खाली ठेवला. मग हळूच बोलला, "काशिराम, इथं पावसाळा नसतो रे. इथं बारा महिने मीठ."

काय सांगू तुमाला! असा देश असतो हेच आमाला ठावं नव्हतं. पाऊस नाय असा मुलूख! आणि फसवलं कोणी? कोणी नाय. आमीच सांगितलं, तसंच त्यांनी लिवलं. मधेच काम सोडलं तर बोटीचं तिकीट आपलं, आणि तेवढा पैसा आमच्याकडं नव्हता. हा त्या रात्री जेवला नाय. मी पण चार शब्द तोडून बोलले. मग तेही बोलणं संपलं. माणूस किती दिवस भांडणार?

मग आमी रायलो. आपल्याकडं चार महिने अंगाला आराम असतो, भाताची लावणी असली तरी पायाला गोडं पाणी लागतं. तिकडं तेच वाफे, तेच ऊन, काल तेच आज. याच्या पायांना भेगा पडल्या त्या बुजल्याच नायत. मी सकाळी उठले की आधी विचार यायचा, अजून एक दिवस. संध्याकाळी निजायचे तेव्हा पण तोच.

पोरं मात्र रुळली. शिवा हलीमाच्या पोरांबरोबर डोंगरावर हुंदडायचा आणि अरबीत शिव्या द्यायचा. वेणूला पाणी पायजे असलं की ती 'मोया' म्हणायची. मी सांगायचे, पाणी म्हण. ती हसायची, "मोया!" घर कुठं हाय विचारलं तर तो पत्रा दाखवायची. तिचं काय चुकलं?

सहा महिन्यांनी एक पत्र यायचं. सासू सांगायची आणि शाळेतले मास्तर लिवायचे. मुनीम वाचून दाखवायचा. भात किती झालं, गाय व्यायली, कोण गेलं. शेवटी दर वेळी एक ओळ असायची: गोदू विचारते, तिकडे पाऊस पडला का.

तिसऱ्या वर्षी याला टोळीचा पुढारी केला. मुनिमानं सांगितलं, पुढच्या महिन्यात विटांची खोली देतो, दारात नळ. हा खूश झाला. तीन वर्षांत पयल्यांदा हसताना बघितला मी त्याला. "पोरांचं बरं होईल," बोलला. "आणि गोदूचं?" मी विचारलं. तो फळीचा दांडा पुसत बसला.

आणि माघात, कधी नाय ते, दुपारी डोंगरामागून ढग आले. मी भाकऱ्या थापत होते. पत्र्यावर टपटप वाजलं. शिवा ओरडत आत आला, "आये, वरून मोया पडतंय!" त्या पोराला पाऊस आठवतच नव्हता. मी दारात जाऊन उभी. बापेमाणसं ओरडत वाफ्यांकडं धावले, मीठ काठावर ओढायला. काय ओढतात! तासाभरात सगळे वाफे नुसतं पाणी झाले.

हा भिजून आला, फळी दाराला टेकवली आणि खाली बसला. "दोन दिस ऊन पडू दे," बोलला, "पुन्हा धरंल मीठ."

मी काय केलं माहिताय? आत गेले, पिण्याच्या पाण्याचा भरलेला डबा उचलला आणि सगळाच्या सगळा फळीवर ओतला. हातानं चोळून चोळून धुतली.

"अगो येडी झालीस काय? पोरं पितील काय?"

"हंगाम संपला," मी बोलले. "फळी धुतली."

"तासाभराचा पाऊस तो!"

"आपल्याकडं पयली सर काय आठवडाभर असते? वाफ्यातलं मीठ विरघळलं का नाय, सांग. तुझ्या तोंडानं सांग."

मी छपराच्या वाशाला सुंभ बांधून फळी टांगली. आता यानं उठून ती खाली काढली, तर मी या जन्मी गोदूला बघत नाय, एवढंच माझ्या डोक्यात. तो नुसता वर बघत बसला.

दुसऱ्या दिवशी मुनिमाकडं गेलो. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. मुनीम हसला नाय, पण बोलला, "बाई, उद्या परवा वाफे सुकतील. याला हंगाम संपला म्हणतात का?" मग याच्याकडं वळला. "तू जाणता माणूस. तू सांगशील ते मी लिहीन. संपला का?"

खिडकीतून ती विटांची खोली दिसत होती. नळ पण बसवला होता. यानं तिकडं बघितलं, माझ्याकडं नाय.

"मुनीमजी," हा बोलला, "मीठ परवा धरंल ते मला पण दिसतंय. पण फळी धुतली. धुतलेली फळी घेऊन मी आगरात उतरत नाय. माझा बा उतरला नाय."

मुनिमानं दौत पुढं ओढली आणि लिवलं.

निघताना हलीमा वेणूला सोडेना. वेणू तर बोटीवर दोन दिवस रडली, घरी जायचं म्हणून. मी तिला काय समजावणार, आमी घरीच चाललो होतो.

शिमग्याच्या आधी आमी पनवेल बंदराला उतरलो. इकडं मिठाचा हंगाम भरात होता. गोदू सासूच्या पाठी उभी. दहा वर्षांची, लांबडी, फ्रॉक आखूड झालेला. मी हात पुढं केले, तर ती दोन पावलं मागं सरकली. शिवानं विचारलं, "आये, ही कोण?"

घरी आलो. भिंतीला घरधन्याची जुनी फळी टेकवलेली होती, आमी जाताना ठेवली होती ती. मला वाटलं वाळवी लागली असेल. कुठली? दांडा लखलखीत, जसा वापरातला.

"ही कोण वापरतं?" मी विचारलं.

सासू बोलली, "कोण वापरतंय! तुझ्या पोरीचे खेळ. दिवाळी झाली की खाली काढते, पडक्या वाफ्यात ओढत बसते. पाऊस आला की इहिरीवर नेऊन धुते आणि स्टुलावर चढून टांगते. बोलले, नको पडशील. ऐकंल तर ना!"

तेव्हा गोदू पयल्यांदा माझ्याशी बोलली. "दर वर्षी मी धुतली," ती बोलली. "पाऊस पडला की लगेच धुतली. हंगाम संपवला. तरी तुमी आलं नाय." मग विचारलं, "तिकडं तुमची फळी कोणी धुतली नाय?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"मी धुतली बाय," मी बोलले. "पण मला तीन वर्षांनी सुचलं."