डाव्या फळीवरचा पाव

आमचे थोरले दीर प्रार्थनेला उभे राहिले की छताचे पत्रे थरथरतात. चर्चचे पंच ना ते. बेकरीत मात्र सगळा आनंदीआनंद.

बेकरी त्यांचीच. उजव्या फळीवर ताजा पाव, डाव्या फळीवर कालचा. कालच्यावर पाणी शिंपडायचं आणि पुन्हा भट्टीत सारायचा. तासभर मऊ राहतो, मग दगड. तो वृद्धाश्रमाला जातो. म्हाताऱ्यांनी तक्रार करायची तरी कुणाकडे? नवरा गेल्यापासून मी बेकरीवरच्या खोलीत राहते आणि खाली पीठ मळते.

शनिवारी वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण आली. "पाव त्याच दिवशीचा असतो ना?" तिने नेमकं मलाच विचारलं. भाऊजी बघत होते.

"आदल्या दिवशीचा असतो," मी म्हटलं.

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"खोटं बोलून उद्या प्रभुभोजन कुठल्या तोंडाने घेऊ, भाऊजी?"

"चर्च चर्चच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी. उद्या ती चर्चमध्ये भेटेल. तिला सांग, चूक झाली, पाव ताजाच असतो. नाहीतर खोली रिकामी कर."

प्रभुभोजनात पाळक मोडून सगळ्यांना वाटतात तो पावही आमच्याच बेकरीतून जातो, अर्थात उजव्या फळीवरचा. भाऊजी देवाला फसवायला घाबरतात, माणसांना नाही. तो पोचवायचं काम माझं. रविवारी मी डाव्या फळीवरचा नेला. रागाने नेला; त्या रागाला मी पवित्रबिवित्र म्हणणार नाही.

पाळकांचं प्रवचन लांबलं. मग ते पाव मोडायला गेले, तर तो मोडेना. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. "पंच, ताजा आहे ना हा?"

भाऊजींनी पाव ओळखला. माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली. हातात बायबल, समोर सगळी मंडळी.

"आज सकाळीच भट्टीतून काढलाय," ते म्हणाले.

पाळकांनी कसेबसे तुकडे केले आणि वाटले. पहिल्या बाकावर वृद्धाश्रमातली माणसं बसतात. त्यांच्यातल्या सगळ्यांत थकलेल्या आजीला दात नाहीत. तुकडा भिजेपर्यंत तिने तो तोंडात धरून ठेवला. मग शेजारणीला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, म्हणाली, "अगं, हा तर आपला रोजचाच पाव."

भाऊजींनी झटकन डोळे मिटले, प्रार्थनेत असल्यासारखे. या वेळी कुणी फसलं नाही.

संध्याकाळी मी खोली रिकामी केली.